दुपारची खुर्ची

१

दुपारी बाराच्या सुमाराला सावल्या पायाशी येऊन बसतात, आणि आमच्या कामाला तेवढंच हवं असतं. सावली लांबली की वरून घेतलेल्या फोटोत खड्डा कुठला आणि नुसता काळोख कुठला, ते कळत नाही. म्हणून दर आठवड्याला एकदा, शहाणी माणसं पंख्याखाली जेवत असतात तेव्हा, मी वसाहतीमागच्या डोंगरावर ड्रोन उडवत असतो.

काम सांगायला सोपं आहे. हा डोंगर सरकतोय. डोळ्यांना दिसणार नाही इतका हळू, पण सरकतोय, आणि त्याच्या पायथ्याशी घरं आहेत. तो कुठून किती खाली आला, हे मोजायचं. उतारावर ठरलेल्या जागी, फोटो जुळवायला खुणा म्हणून, काळ्यापांढऱ्या चौकटींच्या पाट्या ठोकलेल्या आहेत. त्यांच्यावरची धूळ पुसायची, गाडीशेजारी नारिंगी चटई अंथरायची, तिच्यावर ड्रोन ठेवायचं आणि बटण दाबायचं. पुढचं सगळं ते आपलं आपण करतं. एका रेषेत जातं, वळतं, शेजारच्या रेषेत परत येतं, कोणी खोली झाडत जावं तसं. मी खाली नारिंगी जाकीट आणि पांढरी टोपी घालून रिमोट धरून उभा. जाकीट-टोपी हा कंपनीचा नियम, नाहीतर त्या उन्हात जाकीट कोण घालेल? ड्रायव्हरकाका गाडीचं दार उघडं टाकून पाय बाहेर सोडून बसतात आणि आकाशाकडे बघून मधूनच ओरडतात, "साहेब, घार!" घारीला आमचं यंत्र आवडत नाही.

नकाशाच्या खालच्या कडेला आमची वसाहत येते, आणि वसाहतीच्या कडेला माझं घर. म्हणजे दर आठवड्याला मी माझ्याच घराचा फोटो वरून काढतो. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ते फार आवडलं. आपल्यामागे घरात काय चाललंय ते कळलेलं बरं, अशा मताचा मी माणूस. बायको याला संशयी स्वभाव म्हणते, मी निरीक्षण म्हणतो. ती शाळेत शिकवते. सकाळची शाळा, दुपारी घरी. दूधवाल्याशी ती जरा जास्त हसून बोलली की माझा चहा कडू होतो. हेडमास्तरांनी तिच्या अक्षराचं कौतुक केलं, तर तो माणूस अक्षरच बघत होता ना, हे मी दोन दिवस घोळवत बसतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हे काही कमी झालेलं नाही. उलट मुरलंय.

२

ऑफिसात आमचा एक शिंपी आहे. कपडे शिवत नाही, फोटो शिवतो, म्हणून सगळे त्याला शिंपी म्हणतात. ड्रोननं आणलेले शेकडो फोटो तो कॉम्प्युटरवर एकमेकांना जोडतो आणि सगळ्या डोंगराचा एक नकाशा तयार करतो, चढउतारांसकट. मग या आठवड्याच्या डोंगरातून मागच्या आठवड्याचा डोंगर वजा करतो. जमीन खचली तिथे निळा रंग, वर आली तिथे लाल, काही झालं नाही तिथे राखाडी.

त्या दिवशी मी आत शिरलो तर तो खुर्चीत मागे रेलून हसत होता. "साहेब, तुमच्या घराला टेंगूळ आलंय."

पडद्यावर सगळी वसाहत राखाडी होती. फक्त आमच्या गच्चीवर एक लाल ठिपका.

"पाण्याची टाकी असेल," मी म्हणालो.

"टाकी ही. हे वेगळं आहे. बसलेल्या माणसाएवढं उंच."

"मग वाळत घातलेली चादर."

"चादर हलते हो. हलणारं काही आपल्याकडे टिकतं का?"

बरोबर होतं त्याचं. आमच्या कामातली ही गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. एकच जागा आम्ही पुन्हा पुन्हा टिपतो, वेगवेगळ्या रेषांवरून, मधे बराच वेळ जाऊ देऊन. जे सगळ्या फोटोंत त्याच जागी असतं, तेवढ्यावर कॉम्प्युटर विश्वास ठेवतो. चालणारा माणूस, कुत्रं, स्कूटर, सगळं चूक समजून पुसलं जातं. आमच्या नकाशात भरला बाजारही ओसाड दिसतो. नकाशात यायचं तर एकच उपाय, हलायचं नाही.

शिंप्यानं ठिपका मोठा केला. गच्चीवर आमच्या दोन वेताच्या खुर्च्या. एकीवर काहीतरी पुसट, धुरकट. तुटक्या हाताच्या दुसऱ्या खुर्चीवर मात्र दोन खांदे आणि एक डोकं, अगदी रेखीव.

"डोंगर सरकला साहेब," शिंपी म्हणाला, "पण हा गडी तसूभर सरकलेला नाही."

तो सहज बोलला. मी हसलोसुद्धा. पण जिना उतरताना मला पायऱ्या दिसत नव्हत्या. माझ्या गच्चीवर, ऐन दुपारी, मी डोंगरावर अडकलेला असताना, कोणीतरी निवांत बसलं होतं.

३

घरी गेल्यावर मी काही लगेच विचारलं नाही. आधी हातपाय धुतले, गच्चीवर जाऊन आलो. दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. एरवी त्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. ते काम माझं आहे आणि मी ते चोख करतो. तुटक्या हाताच्या खुर्चीवर उशी होती. खालच्या सोफ्यावरची, चांगली उशी.

जेवताना मी म्हणालो, "आज दुपारी गच्चीवर कोण होतं?"

"कोणी नाही रे. खुर्च्या आहेत नुसत्या."

"समोरासमोर?"

"मग काय पाठमोऱ्या ठेवू?" ती हसली आणि मला भाजी वाढायला लागली. आवाजात कुठे अडखळणं नाही, नजर चुकवणं नाही. मी तिच्याकडे निरखून बघत होतो आणि तिला ते कळत होतं. पूर्वी अशा वेळी ती चिडायची. त्या दिवशी चिडली नाही. एखाद्याचं पोट भरलेलं असलं की तो दुसऱ्याच्या ताटाकडे बघत नाही, तशी ती शांत होती.

मी विषय बदलला. "शाळेतल्या त्या बदलीचं काय झालं?"

"सांगितलं की तुला सगळं. तू ऐकत कुठे असतोस!"

मला काहीही सांगितलेलं नव्हतं. ती ज्याला सांगते आणि जो ऐकतो, तो कोणी दुसरा होता. बदलीची चिंता तिला गेले दोन महिने पोखरत होती आणि आता ती कपाळावर आठीसुद्धा न आणता ताक पीत होती. मला राग येण्याऐवजी रडू येतंय की काय असं वाटलं. मी उठून हात धुतले.

४

पुढच्या आठवड्यात मी उड्डाण झाल्याबरोबर शिंप्याकडे गेलो आणि न शिवलेले फोटो मागितले. "गच्चीचे तेवढे सुटे दे. पुसलेलं काही नको."

"घरची हेरगिरी?" तो म्हणाला. मी पडद्याकडे बोट दाखवलं तेव्हा त्यानं ते काढून दिले आणि चहा प्यायला निघून गेला.

सुट्या फोटोंत बायको स्पष्ट दिसत होती. एकात दोरीवर कपडे घालताना. एकात जिन्यापाशी, हातात दोन कप. एकात तुटक्या खुर्चीकडे वाकून कप पुढे केलेला. मग आपल्या खुर्चीत, पाय वर घेऊन. माझ्यासमोर ती पाय वर घेऊन बसत नाही. तिची बहीण आली असली म्हणजेच तशी बसते. एका फोटोत तिचं डोकं मागे टाकलेलं होतं, आणि इतक्या उंचावरून चेहरा पुसट असला तरी माणूस खदखदून हसताना कसा दिसतो ते मला कळतं.

तो मात्र प्रत्येक फोटोत तसाच. फिकट निळा शर्ट, हात गुडघ्यांवर, मान सरळ. डोक्यावर मागच्या बाजूला गोल टक्कल, जरा डावीकडे सरकलेलं. माणसाचे नाक-डोळे दिसत नाहीत आणि टाळू दिसते, हा कसला छळ आहे! मी ओळखीतली सगळी टकली आठवली. हेडमास्तरांचं टक्कल पुढून आहे. दूधवाल्याचे केस दाट आहेत, त्याबद्दल मी त्याला मनातल्या मनात प्रथमच माफ केलं. असला निळा शर्ट म्हणाल तर बाजारात ढिगानं मिळतो. माझ्याकडेच तीन आहेत.

त्या संध्याकाळी मेहुणीचा फोन आला. "भावोजी, ताईवर काय जादू केलीत? हल्ली तक्रारच करत नाही. पूर्वी फोन केला की अर्धा तास तुमचंच गाऱ्हाणं असायचं."

"माझं? काय गाऱ्हाणं?"

"तेच हो. घरात भिंगरीसारखे फिरता, बाई एक वाक्य बोलेपर्यंत तुम्ही तीन खोल्या बघून येता. आता म्हणते, सगळं ठीक आहे. म्हटलं, भावोजींचं अभिनंदन करावं."

मी अभिनंदन स्वीकारलं. दुसरं काय करणार? दात विचकून "अहो, कसचं कसचं," म्हणालो आणि फोन ठेवल्यावर भिंतीवर मूठ आपटली. ते दुखलं.

दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून मी ऐन दुपारी घरी गेलो. पायताण हातात घेऊन जिना चढलो. ती गच्चीवर एकटी होती, आपल्या खुर्चीत. समोरची खुर्ची रिकामी. मधल्या स्टुलावर दोन कप. एक रिकामा, दुसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

"परत आलास?" ती म्हणाली. "काही विसरलं का?"

टोमणा असेल असं वाटलं. मी सकाळी निघालो होतो, आता दुपार, त्याला परत येणं म्हणतात, ठीक आहे. मी रिकाम्या खुर्चीच्या उशीवर हात ठेवला. उशी गरम होती. पण उन्हात होती, गरम असणारच. मी कठड्यावरून खाली बघितलं, टाकीमागे बघितलं, खालच्या तिन्ही खोल्या बघितल्या. वर आलो तेव्हा ती कप गोळा करत होती. चेहरा पुन्हा जुना झाला होता.

"बस ना जरा," ती म्हणाली.

"कामावर जायचंय," मी म्हणालो.

५

केस कापायचे नव्हते, पण डोकं शांत करायला मी सलूनमध्ये जाऊन बसलो. न्हावी जुना ओळखीचा. कात्री चालवताना गप्पा मारतो आणि उत्तराची अपेक्षा करत नाही. त्याचं काम झालं, त्यानं मागे लहान आरसा धरला. दर वेळी धरतो. दर वेळी मी न बघताच मान हलवतो. आपलं मागचं डोकं बघून कोणाचं भलं झालंय?

त्या दिवशी मी बघितलं.

गोल टक्कल. जरा डावीकडे सरकलेलं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"झालं की वर्षभर. मी म्हटलं, तुम्हाला माहीत असेल. घरी कोणी बोललं नाही?"

बोललं होतं. बायको मधे कधीतरी म्हणाली होती की मागे चंद्र उगवलाय, आणि मी ते थट्टा म्हणून सोडून दिलं होतं. जगातल्या हजारो छपरांकडे मी वरून बघितलं असेल, पण स्वतःच्या डोक्याकडे कधीच नाही. मला एवढंच आठवतं की मी न्हाव्याला आरसा आणखी थोडा वर धरायला सांगितला, आणि मग खाली घ्यायला सांगितला.

रस्त्यावर येऊन मी स्वतःशी वाद घातला. टक्कल ही काही माझी खासगी मालमत्ता नाही. वय झालं की कोणालाही पडतं, आणि पडायचं तर डावीकडे किंवा उजवीकडेच पडणार. अर्ध्या जगाचं टक्कल डावीकडे असेल. हे मला पटलं. पुढच्या चौकापर्यंत पटलेलं होतं.

६

उड्डाण जिथून होतं तिथली माणसं आणि गाडी शिंपी नकाशातून हातानं पुसतो. गिऱ्हाइकाला डोंगर हवा असतो, आम्ही नको असतो. मी त्याच्याकडून तेही फोटो मागून घेतले. त्याच दिवसाचे, त्याच उड्डाणाचे.

गाडी होती. उघड्या दारातून बाहेर आलेले ड्रायव्हरकाकांचे पाय होते. नारिंगी चटई, आणि तिच्याशेजारी नारिंगी जाकीट, पांढरी टोपी, पुढे धरलेला रिमोट. मी. मी इथे होतो, म्हणजे तिथे नव्हतो. मला इतकं हलकं वाटलं की मी शिंप्याला भजी खायला घालायला निघालो. दारापर्यंत गेलो आणि परत येऊन फोटो पुन्हा बघितला. वरून जाकीट दिसत होतं आणि टोपी दिसत होती. टोपीखाली कोण आहे, ते वरून दिसत नाही.

त्या संध्याकाळी मी बायकोला सरळच विचारलं. ती वह्या तपासत होती.

"रागावणार नाही. फक्त खरं सांग. दुपारी तुझ्याबरोबर गच्चीवर कोण बसतं?"

तिनं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"कोण म्हणजे? तू."

"मी त्या दिवशी विचारलं तेव्हा म्हणालीस, कोणी नाही."

"तू विचारलंस ते चोर पकडल्यासारखं. मला वाटलं, परकं कोणी आलं होतं का विचारतोयस. परकं कोणी आलं नव्हतं." ती हसायला लागली आणि माझा चेहरा बघून थांबली. "काय झालंय तुला? दुपारी येतोस, बसतोस, निघून जातोस. उगीच हलत नाहीस, फोन बघत नाहीस. मी बोलते आणि तू ऐकतोस. किती वर्षं मागत होते मी हे."

"मी चहा पितो?"

"चहा तेवढा ठेवून जातोस. मी म्हटलं, पोटाचं काही असेल."

खोलीत पंख्याचा आवाज होता आणि बाहेर कोणीतरी गाडीचं दार लावत होतं. मला घाबरायला हवं होतं. कोणीही शहाणा माणूस घाबरला असता, तिचा हात धरून त्या घरातून बाहेर पडला असता. पण माझ्या छातीत जे उठलं ती भीती नव्हती. ती तीच जुनी ओळखीची आग होती, दूधवाल्याची, हेडमास्तरांची. फक्त एवढी मोठी कधी झाली नव्हती.

"कोण बरा?" मी विचारलं. "दुपारचा मी की संध्याकाळचा?"

तिला वाटलं मी थट्टा करतोय. तिनं वही पुढे ओढली, लाल पेन उचललं आणि सहज, खरं तेच सांगितलं.

"दुपारचा."

७

पुढच्या उड्डाणाच्या दिवशी मी निळा शर्ट घातला. डोंगरावर गेलो, पाट्या पुसल्या, चटई अंथरली, बटण दाबलं. ड्रोन वर गेलं आणि पहिल्या रेषेला लागलं. मी जाकीट काढलं, टोपी काढली, दोन्ही गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवली. रिमोट त्यांच्यावर.

"काका, मी घरी जाऊन येतो. ते उतरतं आपलं आपण."

"अहो साहेब, उडतं यंत्र सोडून? घार आली तर?"

"घारीला माझा नमस्कार सांगा," मी म्हणालो आणि पायवाटेनं धावत सुटलो.

घरात स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. तिला चाहूल लागू न देता मी गच्चीवर गेलो. तुटक्या हाताची खुर्ची रिकामी होती. मी पोचलो होतो, आधी पोचलो होतो! मी बसलो. हात गुडघ्यांवर ठेवले, मान सरळ केली. जिन्यावर तिची पावलं वाजली तेव्हा माझं काळीज शाळकरी पोरासारखं उडत होतं.

ती कप घेऊन आली, माझ्यासमोर वाकली, कप स्टुलावर ठेवला आणि आपल्या खुर्चीत बसली. पाय वर घेतले. मग बोलायला लागली. बदली रद्द झाली होती, त्यासाठी हेडमास्तरांनी खटपट केली होती. हेडमास्तरांचं नाव आलं तेव्हा माझी जीभ वळवळली, पण मी हललो नाही. वर्गात एका मुलीनं फळ्यावर तिचं चित्र काढलं होतं, नाक फार मोठं. सांगता सांगता तिनं डोकं मागे टाकलं आणि हसली. इतक्या जवळून मी ते किती दिवसांनी बघत होतो! ती सुंदर दिसते हे मला माहीत होतं. ती सुखी असली की कशी दिसते, ते मी विसरलो होतो.

डोक्यावर माशीसारखा आवाज आला. ड्रोन आमच्या रेषेवर आलं होतं. गेलं, वळलं, शेजारून परत आलं. मी वर बघितलं नाही. घे, म्हटलं, माझा फोटो घे. आज तरी खुर्चीत मी आहे.

समोर कठड्यापलीकडे डोंगर दिसत होता आणि त्यावर आमची गाडी, आगपेटीएवढी. गाडीशेजारी एक नारिंगी ठिपका उभा होता.

ड्रायव्हरकाकांनी ऊन लागतं म्हणून जाकीट घातलं असणार. दुसरं काय? फक्त काका कधी उभे राहत नाहीत. आणि गाडीच्या दारातून बाहेर आलेलं काहीतरी होतं, इतक्या लांबून नीट दिसत नव्हतं, पण पाय असावेत असं वाटत होतं.

ड्रोन खाली उतरलं. नारिंगी ठिपका वाकला, त्यानं ते उचललं, सावकाश गाडीत ठेवलं. मी ठेवतो तसं.

८

मी तेव्हा उठायला हवं होतं. पण उठलो असतो तर खुर्ची रिकामी झाली असती.

हे मी पूर्ण शुद्धीत ठरवलं, कोणी माझ्यावर करणी केली नव्हती. ती कप घेऊन खाली गेली. माझा कप भरलेलाच होता, कारण तो उचलायचा तर हात हलवावा लागला असता. जाताना तिनं माझ्या डोक्यावर, मागे, त्या गोल जागेवर तळवा ठेवला. "बस हं निवांत," म्हणाली. त्या एका स्पर्शासाठी मी आणखी दहा उन्हं अंगावर घेतली असती. ऊन कठड्यावरून उतरलं. कपडे वाळले, ती येऊन घेऊन गेली, माझ्या भोवतीनं. या वेळी माझ्याकडे बघितलं नाही. कामात असेल. पाय मुंग्यांनी भरले, मग मुंग्याही गेल्या. मी स्वतःला सांगत राहिलो की मनात आणलं तर मी केव्हाही उठेन, फक्त मनात आणत नाही.

दिवेलागणीला खाली बेल वाजली.

दार उघडल्याचा आवाज आला. मग जाकिटाची चेन खाली ओढल्याचा आवाज, आणि ते खुंटीला अडकवताना होणारी खसखस. पायताण कोपऱ्यात फेकलं गेलं, एक आधी, एक नंतर. मग पावलं. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून सज्ज्यात, सज्ज्यातून परत. एका जागी म्हणून ठरत नव्हती.

"बस ना जरा," बायकोचा थकलेला आवाज आला.

मग एका पुरुषाचा आवाज आला. स्वतःचा आवाज माणसाला लगेच ओळखू येत नाही, फोनवर ऐकला तरी परका वाटतो. पण त्यातला संशय मी कुठेही ओळखला असता.

"वर गच्चीवर कोण आहे?"

सांग, मी मनात म्हणालो. सांग त्याला. म्हण, तू दुपारी आलास तो अजून तिथेच आहेस. म्हण की तोच बरा आहे.

"कोणी नाही रे," ती म्हणाली. "खुर्च्या आहेत नुसत्या."

जिन्याची पहिली पायरी वाजली. तो अनवाणी, दबकत चढत होता, मी चढलो होतो तसा. मी हात गुडघ्यांवर तसेच ठेवले, मान सरळ ठेवली आणि हललो नाही.